काळी पाच

तुळसकर मास्तरांची पेटी दाभोली नाक्यावरच्या माझ्या दुकानात आली
गोणपाटात गुंडाळून, मासळीच्या टेम्पोतून.
त्यांच्या शालनने वर एक वही ठेवली.
"भात्याखाली गावली. पेटीचीच असतली."

वहीत बंदिशी. जांभळी शाई, आखून घेतलेली आवर्तनं,
शब्द कुठेच नाहीत, नुसते स्वर.
आणि चौतिसाव्या पानाच्या समासात, पेन्सिलीने, बारीक:
हिची बहीण पान ४१.
एकेचाळिसावर गेलो, तर तिथे:
हिची बहीण पान ५२.

चौतिसावर भूप. एकेचाळिसावर मालकंस. बावन्नावर दुर्गा.
मी पेट्या दुरुस्त करणारा, गवई नव्हे,
तरी एवढं कळतं, भूपाच्या घरात कोमल स्वराला पाट मांडत नाहीत
आणि मालकंसाचा संसारच कोमलावर.
बहीण कसली? भावकीतलीसुद्धा नाही.

जेवणं झाली की कंदिलाच्या काळापासूनच्या सवयीने
मी वही दिव्याच्या अगदी खाली धरायचा.
मात्रा मोजल्या. तिन्ही नवव्या मात्रेवरून उठतात,
पण निम्म्या जगाच्या बंदिशी तिथूनच उठतात.
समेला एक येते गंधारावर, एक षड्जावर, एक धैवतावर.
बायको म्हणाली, "पत्रिका जुळवतास काय?
गुण किती इले?"

दिवसा पेटी खोलत होतो.
नवाबागेच्या वाळूत राहिलेली पेटी,
वारा सरळ समुद्रावरून घरात.
पितळेचे सूर हिरवे पडलेले, कडांना मीठ फुललेलं.
पांढऱ्या पट्ट्यांचे मेले होते, तिन्ही सप्तकांत.
काळ्या मात्र पाचच्या पाच बोलत होत्या.
आणि मधल्या सप्तकातली काळी पाच
इतकी झिजलेली, की रंगाखालचं लाकूड उघडं,
लाकडात खळगा,
बोटाच्या पेराएवढा.

पेचकस खाली ठेवला.
काळी तीनला सा धरून पाच काळ्यांवर गेलो: भूप.
त्याच पट्ट्या, तीच बोटं,
सा फक्त उचलून काळी पाचवर ठेवला: मालकंस.
काळी एकवर: दुर्गा.
भूपाचा गंधार, मालकंसाचा षड्ज, दुर्गेचा धैवत
तिघी समेला येऊन बसतात त्या एकाच खळग्यात.

मग वही मागून पुढे वाचायची सोडून
पहिल्या पानापासून वाचली.
सातव्या पानावर यमन, काळी तीनचाच. सगळे स्वर जागेवर.
एकोणिसाव्यावर शंकरा: म्हणजे पांढरी एक गेली,
तिच्याबरोबर मध्यम गेला.
चौतिसाव्यावर भूप: पांढरी चार गेली, निषाद गेला.
मी रागांची वही समजत होतो.
ही तर गंजाची रोजनिशी.

मूर्च्छना म्हणतात याला, शास्त्रात आहे.
मास्तरांनी ते वाचलं होतं, की मिठाने दाखवलं?
शालनला फोन केला.
"पैशे नसत," ती म्हणाली. मग थांबली.
"मागसून इले पैशे. तरी बाबा पांढऱ्यांका हात लावी नसत.
म्हणत, ती दर्याची."

पेटी नातवाला हवी आहे, शाळेच्या प्रार्थनेसाठी.
पांढरे सूर नवे बसवले, मिळवले, सात दिवस गेले.
काळी पाचचं लाकूड भरून पॉलिश करायचं होतं,
ते बिलात लिहिलं आणि खोडलं.

एक राहिलं.
शेवटच्या लिहिलेल्या पानावर सारंगासारखं काहीतरी,
सम त्याच खळग्यात, रिषभावर,
आणि समासात: हिची बहीण पान
पुढे आकडा नाही.
पुढची पानं कोरी, दमट, एकमेकींना चिकटलेली.
सुरीने एकेक सोडवतो आहे.
काल एकावर पेन्सिलीचा ठिपका दिसला,
उजेडात धरलं तर झुरळाने खाल्लेलं भोक निघालं,
आणि भोकातून नाक्यावरची बस.